बोर्ड गेला, ऑपरेटर उरला

मागच्या रविवारी सांगलीकडच्या एका मुलाचा फोन आला. शाळेतल्या जुन्या मास्तरांनी माझा नंबर दिला म्हणाला. वय चोवीस, पूर्ण अंध, बँकेची क्लार्कची परीक्षा पास झालाय, पुढच्या महिन्यात मुंबईत हजर व्हायचंय. मला वाटलं खोलीचं डिपॉझिट, लोकलचा पास असलं काहीतरी विचारणार. त्याने विचारलं, "काका, आपल्या लोकांना कामावर घेतल्यावर काम देतात का हो?"

मी मोठ्याने हसलो. तोही हसला. फोन ठेवल्यावर मात्र मी बराच वेळ गॅलरीत बसून होतो. मीही आंधळाच, आणि एका सरकारी बँकेत छत्तीस वर्षं काढली. मार्च १९८५ ला टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागलो, २०२१ ला सुटलो. त्या छत्तीसमधली आठ वर्षं मी काहीही केलं नाही. रजा नव्हती, आजारपण नव्हतं. रोज सकाळी डोंबिवलीहून अपंगांच्या डब्यातून व्हीटीला जायचो, सही करायचो, बसायचो, संध्याकाळी परत यायचो. पगार वेळेवर. पोराला फोनवर हे सगळं सांगवलं नाही. म्हणून इथे लिहितोय.

माझे डोळे देवीच्या रोगात गेले. साल १९६५, मी चार वर्षांचा, गाव सातारा जिल्ह्यातलं. त्या काळी ज्या घरात देवी यायच्या तिथे कित्येकदा एकतर पोर जायचं, नाहीतर त्याचे डोळे जायचे. आई म्हणायची, आपल्याला निम्म्यावर सोडलं. पुढे पुण्यात अंधशाळेत राहून १९७९ ला दहावी झालो. मार्क बरे होते. मास्तर म्हणाले, "आता केनिंग शिक."

केनिंग म्हणजे वेताने खुर्च्या विणणं. आजच्या पोरांना ती खुर्ची माहीत नसेल. सरकारी कचेरीत, कोर्टात, शाळेच्या हेडमास्तरांकडे असायची. लाकडी चौकट, चौकटीला कडेने भोकं, आणि मधे जाळी. साहेबाच्या पाठीला वारा लागावा म्हणून. वेताची साल पाण्यात भिजत घालायची. कमी भिजली तर वळताना मोडते, जास्त भिजली तर काळी पडून वास मारते. साल ओढताना तिची धार बोटाला लागते, पहिले दोन महिने माझी बोटं कापलेलीच असायची आणि ब्रेल वाचताना ठिपक्यांआधी जखमच लागायची.

विणायचे सहा पदर. आधी उभ्या पट्ट्या, त्यावर आडव्या, त्यावर पुन्हा उभ्या. चौथ्या वेळेला आडवी पट्टी वरखाली घालत न्यायची, तिथे चौकोन बांधला जातो. मग दोन तिरक्या, एक या कोपऱ्यातून, एक त्या. पट्टी सुटू नये म्हणून भोकात लाकडी खुंट्या मारून ठेवायच्या. गंमत तिरक्या पट्टीत आहे. बरोबर बाजूने घेतली तर ती चौकोनाच्या कोपऱ्यातून तेल लावल्यासारखी सरकते. चुकीच्या बाजूने घेतली की दर चौकोनाला अडकते. डोळ्याने बघणाऱ्याला ही चूक दोन ओळी झाल्यावर कळते, बोटाला पहिल्याच चौकोनात कळते. मी सांगतो, हे काम आम्हाला खरंच चांगलं यायचं.

पण मला ते करायचं नव्हतं. दहावीला मला गणितात एकोणसत्तर होते. मास्तरांना विचारलं, "दुसरं काही?" ते म्हणाले, "मेणबत्त्या, खडू, झाडू. किंवा तबला." एवढीच यादी. खुर्चीमागे नऊ रुपये मिळायचे आणि एक खुर्ची धरून दोन दिवस जायचे.

ही यादी कोण करतं, हा प्रश्न मला तेव्हापासून आहे. जुनी गोष्ट आहे ती. धृतराष्ट्र थोरला असून गादी पांडूला गेली, का, तर राजा हे पद अंधांसाठी 'सुनिश्चित' नव्हतं, म्हणजे त्यांना जमेल अशा पदांच्या यादीत नव्हतं. पुढे पांडू वनात निघून गेल्यावर राज्य चालवायला शेवटी आंधळाच मिळाला, पण आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर प्रभारी म्हणून. मनुस्मृतीने जन्मांधाला वारसाहक्कातूनच बाहेर काढलं होतं. ती अडचण बऱ्यापैकी दूर करणारा कायदा व्हायला १९२८ साल उजाडलं. तोवर कामधंद्याचं काय, तर भजन, कीर्तन, तुणतुणं. आवाज चांगला असला तर 'सूरदास', नसला तर नुसता आंधळा.

आणि हे आपल्याकडेच होतं असं नाही. निवृत्तीनंतर मी स्क्रीनरीडरवर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, पुष्कळ वाचत बसतो (मराठी वाचताना तो आवाज जात्यात खडे टाकल्यासारखा येतो, पण कान सरावले). इंग्लंडात एप्रिल १९२० मध्ये अंध कामगार मँचेस्टर, लीड्स आणि न्यूपोर्टहून पायी चालत लंडनला गेले. त्यांची स्वतःची युनियन होती. तीही बहुतेक माणसं आमच्यासारखीच, टोपल्या विणणारी आणि ब्रश बनवणारी, धर्मादाय कार्यशाळांत तुटपुंज्या मजुरीवर राबणारी. त्यांच्या फलकावर होतं, न्याय हवा, दान नको. त्याच वर्षी तिथे अंधांसाठी कायदा झाला. मग दुसऱ्या महायुद्धात इतकी माणसं जायबंदी झाली की १९४४ ला आणखी एक कायदा आला, वीस किंवा त्याहून जास्त नोकर असणाऱ्या मालकाने तीन टक्के जागा अपंगांना द्यायच्या. इथवर ठीक. पण त्या कायद्याखाली दोन कामं खास अपंगांसाठी राखून ठेवली. कोणती? लिफ्टमन आणि गाड्या लावायच्या जागेचा राखणदार. युद्धात पाय गेलेला इंजिनियर असो की मास्तर, साहेबाच्या देशाची कल्पना लिफ्टच्या दारापर्यंत पोचून थांबली. तीन टक्के न भरणाऱ्या मालकांवर पुढच्या पन्नास वर्षांत जेवढे खटले झाले ते दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील.

आपली यादी निराळी होती, एवढंच. मुंबईत १९५९ मध्ये अपंगांसाठी खास एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज निघालं होतं. तिथे कार्ड काढायचं आणि कॉलची वाट बघायची. नोव्हेंबर १९७७ मध्ये केंद्र सरकारने वर्ग तीन आणि चारच्या नोकऱ्यांत अपंगांना तीन टक्के जागा दिल्या, अंध, बहिरे आणि हातापायाने अधू यांना एकेक टक्का. वर्ग एक आणि दोन मात्र कुलूपबंद. कारकुनाच्या वर आमच्यापैकी कोणी जाईल अशी शंकाही कोणाला आली नसावी. १९८६ ला तर कोणती पदं आम्हाला जमतील त्याची रीतसर यादीच सरकारने काढली. अंधांच्या वाट्याला प्रामुख्याने काय आलं असेल? खुर्च्या विणणारा. संगीत शिक्षक. आणि टेलिफोन ऑपरेटर.

मी केनिंग सोडून मुंबईला आलो, ऑपरेटरचं ट्रेनिंग घेतलं आणि दोन वर्षं कार्ड कुरवाळत बसल्यावर बँकेचा कॉल आला. इंटरव्ह्यूला तीन साहेब होते. एकाने विचारलं, "जिना चढून आलात की लिफ्टने?" जिन्याने, म्हटलं. "किती पायऱ्या?" मी म्हणालो, "बावीस, आणि मधली एक फुटलीय." लागलो.

त्या टेलिफोनच्या बोर्डाबद्दल मी दोन दिवस बोलू शकतो. आमच्या शाखेत तेव्हाही जुना, दोऱ्यांचा बोर्ड होता. समोर उभ्या फळीवर ओळीने भोकं, प्रत्येक भोकावर एक छोटी पितळी झडप. बाहेरून फोन आला की झडप 'टक्' करून पडायची. कोणती पडली ते बघणारा ऑपरेटर बघून सांगायचा, मी आवाजावरून. वरच्या ओळीचा टक् हलका, खालच्या ओळीचा भरीव, आणि चौथी झडप ढिली होती, ती पडताना थरथरायची. शंका आली तर तळहात एकदा फिरवला की झालं. दोरी उचलायची, भोकात घालायची, "नमस्कार, बोला", दुसरी दोरी साहेबांच्या भोकात, चावी पुढे, घंटी, चावी मागे. सहा लाइनी, सव्वीस एक्स्टेंशन. दुपारी बारा ते दोन दोन्ही हात सुताराच्या रंध्यासारखे चालायचे.

ट्रंक, म्हणजे परगावचा फोन, बुक करायला १८० फिरवायचं. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग. हेड ऑफिसच्या ट्रंकसाठी मी एक्स्चेंजच्या बायकांशी इतकं गोड बोलायचो की आमचा ऑर्डिनरी दुसऱ्यांच्या अर्जंटआधी लागायचा. नंबर मी ब्रेलमध्ये जाड कागदांवर टोचून ठेवले होते, पाटी आणि स्टायलसने, उजवीकडून डावीकडे. ते कागद बाहेर काढायची वेळ क्वचित यायची. चारेकशे नंबर तोंडात होते. रिजनल मॅनेजरच्या बायकोचा आवाज मी 'ह'वरून ओळखायचो, 'हॅलो' पुरं व्हायच्या आत. कोणाचं लग्न मोडतंय, कोणाची बदली ठरलीय, कोण संपाच्या दिवशी गुपचूप हजर राहणार, सगळं आधी मला माहीत. सांगायचं नाही, हा धर्म. मला लोक नावाने नाही, "ऑपरेटरसाहेब" म्हणून ओळखायचे आणि मला त्याचा गर्व होता. खोटं का बोलू?

आता तक्रारी. पहिली, बढती नाही. माझ्याबरोबर लागलेला दुसऱ्या शाखेतला ऑपरेटर एम.ए. होता, इतिहास विषय, विद्यापीठात वरच्या नंबराने आलेला. तोही ऑपरेटर म्हणूनच रिटायर झाला. आमची शिडी एका पायरीची होती. चौकशी केली की उत्तर ठरलेलं, वरची पदं तुमच्यासाठी सुनिश्चित नाहीत.

दुसरी तक्रार सांगितली की लोकांना विनोद वाटतो. ज्या बँकेत मी नोकरी करत होतो तिथे मला चेकबुक मिळत नव्हतं. पगार माझ्या खात्यात, माझ्याच शाखेत, आणि पैसे काढायचे तर अंगठा आणि दोन साक्षीदार. मला सही येत होती. पुठ्ठ्याला खाच पाडून तिच्यात पेन धरायचं, सहीचा बारीकसारीक फाटाही सारखा यायचा. काउंटरवरचा माझा मित्र, रोज माझ्या डब्यातली चटणी खाणारा, तो म्हणायचा, "नियम आहे रे." जून २००८ ला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं, अंध खातेदारांना चेकबुक, एटीएम, लॉकर काहीही नाकारायचं नाही. म्हणजे माझ्या नोकरीला तेवीस वर्षं झाल्यावर. पहिला चेक मी सोसायटीच्या मेंटेनन्सचा फाडला, तीनशे चाळीस रुपयांचा. बायकोने त्याची झेरॉक्स काढून ठेवलीय.

आणि तिसरी, जिच्यासाठी हे लिहायला बसलो. १९९८ ला बोर्ड गेला.

एका शनिवारी दोन माणसं आली, सोमवारपासून ईपीएबीएक्स. छोटी पेटी, आवाज नाही, झडप नाही, बाहेरचा माणूस थेट एक्स्टेंशन फिरवणार. बोर्ड भंगारात गेला तेव्हा मी त्या ढिल्या चौथ्या झडपेचं पितळ मागून घेतलं. सुरुवातीला दिवसाला तीसेक फोन तरी माझ्याकडे यायचे. मग दहा. मग साहेबांनी मोबाइल घेतले. २००० सालच्या दिवाळीत मी मोजलं, आठवड्यात एकूण चार फोन, त्यातले दोन राँग नंबर.

मला कोणी काढलं नाही. काढताही आलं नसतं. डिसेंबर १९९५ मध्ये संसदेत अपंग व्यक्तींचा कायदा मंजूर झाला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्यासाठी दिल्लीत व्हीलचेअरवरून रस्त्यावर उतरलेल्या जावेद अबिदी आणि त्यांच्या साथीदारांचे उपकार मी मानतो. (गंमत बघा, ज्या १९९५ ला आपण तीन टक्के कायद्यात घातले, त्याच १९९५ ला इंग्लंडने भेदभावविरोधी नवा कायदा करून आपले तीन टक्के मोडीत काढले.) त्या कायद्याचं कलम ४७ मला पाठ आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढायचं नाही, खाली उतरवायचं नाही. दुसऱ्या जागी घ्यायचं. जागाच नसेल तर निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे जादाचं, पद निर्माण करून पगार चालू ठेवायचा. कुणाल सिंग नावाच्या जवानाचा पाय गेला आणि त्याला घरी बसवलं, तेव्हा २००३ ला सुप्रीम कोर्टाने याच कलमावर बोट ठेवून त्याला परत घ्यायला लावलं. फार मोठी गोष्ट आहे ती, हजारो घरं त्या कलमाने वाचली असतील.

माझी केस उलटी होती. मी होतो तसाच होतो, अपंगत्व कामाला आलं होतं. कागदावर मी अधिसंख्य नव्हतो, पण खुर्चीवर होतोच. पगाराची हमी देणारं कलम निघालं, कामाची हमी देणारं मला सापडलं नाही.

रिकामं बसणं म्हणजे काय हे सांगणं अवघड आहे. लोक म्हणायचे, "तुमचं बरं आहे बुवा." शिपाई चहा आणून ठेवायचा तेव्हा कप आपटायचा, निदान मला तसं वाटायचं. डोळस माणूस रिकामा असला तर फाइल उघडून बसतो, कॅलक्युलेटर बडवतो, कामात दिसतो. आंधळ्याला कामात 'दिसता' येत नाही. मी ब्रेल मासिकं न्यायचो. एकदा कोणीतरी म्हणालं, हा खुशाल पगारात वाचतो, मग तीही बंद केली. हात पायावर ठेवून सात तास. बोटं आपोआप चालायची. एकदा लक्षात आलं की मी पँटच्या शिवणीवर केनिंगच्या तिरक्या पट्ट्या विणतोय. घरी यातलं काही सांगितलं नव्हतं. मुलगा शाळेत निबंधात लिहून आला, माझे बाबा बँकेत खूप महत्त्वाचे फोन जोडतात.

माझा वर्गमित्र बुवा (भजनं म्हणायचा म्हणून बुवा) मात्र नोकरीच्या भानगडीत पडलाच नाही. पीसीओंचं, म्हणजे पैसे देऊन फोन करायच्या बूथांचं, पीक आलं, त्यात अपंगांना बूथ देताना प्राधान्य होतं, त्याला एका हॉस्पिटलच्या दाराशी मिळाला. पिवळी पेटी, आत कोंदट, मीटरची टिकटिक, छोट्या प्रिंटरची चर्रर्र. त्याला रुपयाचं नाणं टेबलावर पडलं की खरं-खोटं कळायचं. रात्री दोन वाजता कोणाचा तरी बाप गेल्याचा फोन गावाला लावून द्यायचा आणि पैसे घ्यायचे नाहीत. मी लोकांना सांगायचो, आमच्यातला खरा साहेब तो. बहिणीचं लग्न केलं, कल्याणला खोली घेतली. मग मोबाइल स्वस्त झाले. २००९ च्या आसपास बूथ उचलला. माझं काम गेलं आणि पगार राहिला, त्याचं काम गेलं तेव्हा सगळंच गेलं. तो पुढे कित्येक वर्षं लोकलमध्ये कुलपं, पेनं, मोबाइलची कव्हरं विकायचा. फोनने उठवलं, फोनने बसवलं आणि आता फोनचं कव्हर विकतोय, हे वाक्य त्याचंच. म्हणून मी स्वतःच्या आठ वर्षांचं रडगाणं त्याच्यासमोर कधी गायलो नाही.

राखीव कामाचा पिंजरा होतो खरा, पण तो तोडायला निघालेल्या माणसाने दक्षिण कोरियाकडे एकदा बघावं. तिथे मालिशचं काम कायद्याने फक्त अंधांचं आहे. २००६ ला तिथल्या संविधान न्यायालयाने ती मक्तेदारी रद्द केली, तर अंध माणसं पुलावरून नदीत उड्या मारू लागली. त्याच वर्षी संसदेने कायदा दुरुस्त करून काम परत अंधांनाच दिलं, २००८ ला कोर्टानेही ते मान्य केलं. हे वाचलं त्या रात्री मला बुवा आठवला. पिंजऱ्याबाहेर रान असावं लागतं, तिथे सरळ नदीच होती.

माझं पुढे काय झालं? २००७ ला बदली होऊन एक मॅडम आल्या. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला काय काय येतं?" बावीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. काय येत नाही, हे सगळ्यांना पाठ होतं. मी गडबडलो. म्हटलं, आवाज ओळखता येतात, नंबर लक्षात राहतात, माणसाला फोनवर चिडू न देता बोलता येतं.

नोव्हेंबर जवळ आला होता. नोव्हेंबरात पेन्शनरांनी हयातीचा दाखला द्यायचा असतो, नाही दिला तर पेन्शन थांबते, मग म्हातारे काउंटरवर येऊन रडतात. मॅडमनी मला आठशे पेन्शनरांची यादी दिली, वाचून दाखवायला एक अप्रेंटिस मुलगी दिली, आणि म्हणाल्या, लावा फोन. आता विचारायचं तरी काय? "आजोबा, आहात ना?" असंच थोडं फिरवून विचारायचो. एक आजी म्हणाल्या, "आहे रे बाबा, आणखी किती दिवस ते तुझ्या बँकेला विचार." त्या महिन्यात आठशेपैकी जेमतेम वीसेक दाखले राहिले, आणि त्यातले नऊ जण खरोखरच गेलेले होते. घरी गेल्यावर घसा बसला होता. बायको म्हणाली, "आज चेहरा वेगळाच दिसतोय."

मग थकलेल्या हप्त्यांचे फोन आले माझ्याकडे. २००९ ला कॉम्प्युटरवर बोलणारं सॉफ्टवेअर बसवलं. बँकेच्या मुख्य प्रोग्रॅमचे अर्धे पडदे ते वाचायचंच नाही, चित्र आहे म्हणायचं. "ग्राफिक, ग्राफिक, ग्राफिक" असं दिवसभर कानात. आयटीवाल्यांना किती मेल केले त्याचा हिशोब नाही. पण मेल मी स्वतः करत होतो, हेच पुष्कळ होतं. रिटायर होताना माझ्याकडे तक्रार निवारणाचं टेबल होतं आणि ते मी चांगलं चालवलं, असं इतरही म्हणतात.

मधल्या काळात कायदे मात्र भराभर सुधारले. सुनिश्चित पदांची ती यादीच मुळी आडवी येऊ शकत नाही, आरक्षण आधी, यादी नंतर, असं सुप्रीम कोर्टाने २०१० ला रवि प्रकाश गुप्ता या अंध उमेदवाराच्या प्रकरणात सांगितलं. २०१३ ला नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडच्या खटल्यात तीन टक्के कशाचे मोजायचे त्याचा घोळ मिटवला. नवा कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू, अपंगत्वाचे प्रकार २१, आरक्षण चार टक्के. खाजगी कंपन्यांना मात्र आरक्षण नाही, फक्त समान संधीचं धोरण लिहून टांगायचं. ते माझ्या मते लग्नपत्रिकेवरच्या 'आहेर आणू नये'इतकंच पाळलं जातं.

तरी कुलूप निघतंय हे कबूल करायला हवं. उल्हासनगरची प्रांजल पाटील केंद्रीय लोकसेवा परीक्षा पास झाली, रेल्वेच्या लेखा सेवेने शंभर टक्के अंध म्हणून तिला घेतलं नाही, तर पुढच्या वर्षी १२४ वी येऊन ती आयएएस झाली आणि २०१९ ला तिरुअनंतपुरमची उपजिल्हाधिकारी. माझ्या स्टेशनपुढची दोन-तीन स्टेशनं सोडून राहणारी पोरगी! आणि मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अंध माणसाला न्यायाधीश होण्यापासून केवळ अंध म्हणून अडवता येणार नाही. मध्य प्रदेशातल्या एका अंध उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, तिथून ते प्रकरण सुरू झालं. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर इतकी वर्षं पट्टी बांधून ठेवली होती आणि खऱ्या आंधळ्याला कोर्टात खुर्ची विणायचं तेवढं काम, हा विनोद आम्ही शाळेत असल्यापासून करत होतो. तो आता बंद करावा लागेल.

शब्दही बदलले. आंधळा, अंध, अपंग, विकलांग, आता दिव्यांग. फॉर्मवर मी दिव्यांग लिहितो, तसा रकाना आहे. घरात आम्ही आंधळाच म्हणतो. २०११ च्या जनगणनेत आम्ही सगळे प्रकार मिळून २ कोटी ६८ लाख भरलो आणि त्यात काहीतरी काम करणारे ३६ टक्के, बायकांत तर २३. त्यांना कोणत्या नावाने हाक मारायची यावर जेवढा वेळ गेला, तेवढा त्या उरलेल्या ६४ वर गेला असता तर बरं झालं असतं.

तर पोराला परवा पुन्हा फोन केला. म्हटलं, पहिल्या दिवशी साहेब म्हणतील, "आधी बसा, मग बघू." बसायचं नाही. काय येतं ते टाइप करून न्यायचं, एक पान, मोठ्या अक्षरात. एनव्हीडीए (पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) पेन ड्राइव्हवर टाकून खिशात ठेवायचं, ते फुकट आहे आणि इन्स्टॉल न करता चालतं, पण बँकेचे यूएसबी बंद असतात, त्याची परवानगी पहिल्याच आठवड्यात लेखी मागायची. तक्रार निवारण अधिकारी कोण आहे त्याचं नाव विचारून ठेवायचं, तक्रार नसली तरी. कोणी चहा आणून दिला तर दुसऱ्या दिवशी आपण आणायचा. आणि नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांचं काम स्वतः मागून घ्यायचं.

तो म्हणाला, "काका, हे सगळं एकदा बसून दाखवाल का? पेन ड्राइव्हचं."

शनिवारी येतोय डोंबिवलीला. पूर्वेला तिकीट खिडकीपाशी थांब म्हटलंय. त्याने विचारलं, एवढ्या गर्दीत आपण एकमेकांना सापडणार कसे, दोघांनाही दिसत नाही. मी म्हटलं, तू फक्त माझा नंबर लाव आणि कान दे. माझ्या मोबाइलची घंटी मुद्दाम जुन्या काळ्या टेलिफोनची ठेवलीय, ती दुसऱ्या कोणाची नसते.